क्षमेची खुर्ची

“नाही!”

चौदा वर्षांनी घराचं मागचं दार लोटून अर्झेलियाने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं न टाकलं, तोच खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेल्या वडिलांच्या तोंडून हा एकच शब्द सुटला... आणि तिचं पाऊल उंबरठ्यावरच थिजलं! ज्या आवाजाने तिला देवाचं नाव शिकवलं, त्याच आवाजाने आज तिला दारातूनच परत फिरवावं ना! तिने खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली आणि ती मागे वळली.

“अगं, निघालीस कुठे?” धाकट्या ओझीने पिठाच्या हातांनीच तिचा दंड धरला. “फेब्रुवारीत तो झटका आल्यापासून त्यांच्याजवळ तेवढाच शब्द उरलाय, ताई. डॉक्टरला ‘नाही’, मला ‘नाही’, चर्चमधल्या टॉलिव्हरआजी प्रार्थनेला आल्या तर त्यांनाही ‘नाही’! सकाळी विचारलं, बाबा, कण्यांवर लोणी घालू? तर म्हणाले नाही... आणि वाडगा असा चाटूनपुसून ठेवला, की घासायचं कामच उरलं नाही!”

अर्झेलियाला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. पण तिने वडिलांकडे पाहिलं मात्र, आणि ते हसू ओठांतच विझलं. रेव्हरंड होझिया क्रचर यांनी आपला वाकडा झालेला चेहरा सावकाश, निग्रहाने भिंतीकडे फिरवला होता. त्याला शब्दांची गरज नव्हती.

मेम्फिसच्या त्या वस्तीत माउंट नेबो चर्चचे पाळक म्हणून क्रचरसाहेबांचं नाव होतं ते त्यांच्या उपदेशासाठी. ते सुरुवात करत साध्या बोलण्याने, शेजाऱ्याशी कुंपणावरून गप्पा माराव्यात तशी. मग हळूहळू ते बोलणं सुरावर चढू लागे, श्वासाश्वासाला लय धरी, आणि शेवटी तो उपदेश उरतच नसे, नुसतं गाणं होऊन जाई... आसवांचं, आशेचं, जळत्या श्रद्धेचं गाणं! आणि त्यांच्या प्रत्येक ओळीला मागून ऑर्गनने उत्तर देणारी होती त्यांची थोरली अर्झेलिया, घरातली झेली. नवव्या वर्षापासून ती त्या बाकावर बसत आली होती. बाबांचा श्वास कुठे तुटणार, सूर कुठे उचलायचा, कुठे नुसतं थांबून त्यांना एकटं चालू द्यायचं, हे तिला त्यांच्याही आधी कळे. म्हातारे म्हणत, “उपदेश पाळकसाहेब करतात, पण त्यांना वर चढायला शिडी लावते ती पोर.”

आणि तीच पोर जगाची गाणी गायला निघून गेली... असंच सगळ्यांना ठाऊक होतं.

खरं काय ते दोघींनाच माहीत होतं. दोघी बहिणी एका कार्यक्रमात गायल्या, तेव्हा डेट्रॉइटहून आलेल्या एका रेकॉर्डवाल्याने ऐकलं आणि पसंत केलं ते ओझीला. सतरा वर्षांची ओझी! लहानपणीच्या सांधेतापाने हृदय अधू झालेली. जिना चढली तरी जिचे ओठ निळे पडत, ती ओझी कुणाला न सांगता जायला निघाली होती. पलंगाखालची तिची भरलेली सुटकेस, वर डेट्रॉइटचं तिकीट, बाबांच्या हाती लागली. “कुणाची ही?” त्यांनी विचारलं. त्यांचा तो आवाज! ओझीचे ओठ निळे पडले, भिंतीचा आधार घेत ती खाली बसू लागली... आणि अर्झेलियाला आठवले ते मरताना आईने काढलेले शब्द, “झेली, ओझीला जप हं.”

“माझी,” ती म्हणाली.

“मग उचल!”

एवढंच. पुढच्या रविवारी क्रचरसाहेबांनी व्यासपीठावरून स्वतःच्या मुलीचं नाव मंडळीतून कमी केलं, आणि नियम घातला, की जगाची गाणी गाणाऱ्याने व्यासपीठाखालच्या खुर्चीत बसून, ती गाणी पाप होतं असं साऱ्या मंडळीसमोर कबूल केल्याशिवाय या चर्चच्या ऑर्गनला हात लावायचा नाही.

सुटकेसमधले कपडे ओझीचेच! घर सुटल्यावर ओझीच्या जागी अर्झेलियाच त्या रेकॉर्डवाल्याकडे गेली, आणि डेट्रॉइटच्या पहिल्या कार्यक्रमात उभी राहिली तेव्हा बाह्या मनगटाच्या चार बोटं वर होत्या. पाहणाऱ्या मुलींना ती नवी फॅशन वाटली, आणि महिन्याभरात निम्म्या शहराने बाह्या कापल्या. पण ती गायली मात्र वडिलांसारखी... खालून, बोलल्यासारखी सुरुवात करून, पायरी पायरीने चढत. प्रेमभंगाचं गाणं असो की एकाकी रात्रीचं, शेवटी थिएटरातले लोक उभे राहून ओरडत, “सांग, बहिणी, सांग!” रेकॉर्डी निघाल्या, नाव झालं, साऱ्या देशात बसने प्रवास झाले, लग्न झालं, तेही त्या प्रवासातच कुठेतरी मोडलं. शिकागोला एकदा एक म्हातारा रंगमंचामागे आला, टोपी हातात धरून म्हणाला, “पोरी, बायको गेल्यापासून वीस वर्षं मी गुडघे टेकले नव्हते. आज घरी जाऊन टेकणार आहे.” त्या गाण्यांना पाप कसं म्हणायचं? कुठल्या तोंडाने?

आता ओझीचं पत्र आलं होतं. बाबांची वाचा गेली आहे, डॉक्टरांनी हात टेकले आहेत. चर्चच्या वर्धापनदिनाला, याच रविवारी, नव्या पाळकाच्या हाती व्यासपीठ द्यायचं ठरलं आहे. ये.

शनिवारी दुपारी ओझी बाजारात गेली, तेव्हा अर्झेलिया दिवाणखान्यातल्या जुन्या पियानोपाशी जाऊन बसली. बोटांना दुसरं काही सुचेना. ती आपोआप तेच वाजवू लागली, उपदेशाच्या ओळी संपल्यावर द्यायची ती उत्तरं. ओळी मात्र नव्हत्या. नुसती उत्तरं... प्रश्नांवाचून!

आणि स्वयंपाकघरातून एक घोगरा, गंजलेला सूर आला.

“प्रभू... भला... आहे...”

तिची बोटं थांबली नाहीत. सहा महिने ज्या जिभेवर एका नकाराखेरीज काही उमटलं नव्हतं, तिच्यावर सूर लावताच शब्द उभे राहत होते! तिने पुढचं उत्तर दिलं. “सर्व काळ... प्रभू...” आणि मग त्यांना उमगलं असावं, पियानोवर कोण आहे ते. सूर तुटला. ती धावत आत गेली तर त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. गालावरून आसवं वाहत होती, तरी धडधाकट हात मात्र खिडकीबाहेर दिसणाऱ्या चर्चच्या मनोऱ्याकडे रोखलेला होता. आधी ती खुर्ची! मग बाकीचं!

“मी सांगते त्यांना सगळं,” ओझी घरी येताच म्हणाली. “चौदा वर्षं घास गिळवत नाही मला, ताई! तुझं गाणं शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात लागलं की ते खिडकी लावायचे, आणि मी... मी तिथेच उभी असायचे, गप्प!”

“काही सांगायचं नाहीस.” अर्झेलियाने तिचा चेहरा ओंजळीत घेतला. “त्यांना आणखी एक झटका सोसेल का? एक मुलगी गमावून बसलेत, दुसरीही गमवायला लावू? तू त्यांना भरवलंस, न्हाऊ घातलंस. तू त्यांची चांगली मुलगी आहेस, तीच राहा. मी बसेन त्या खुर्चीत. पाप तर पाप! चार शब्दांनी माझं काय जातंय?”

पण काय जाणार होतं ते तिचं तिलाच ठाऊक होतं. तो शिकागोचा म्हातारा जाणार होता. देवाच्या घरात, देवासमोर, ती खोटं बोलणार होती.

रविवारी माउंट नेबो खचाखच भरलं होतं. मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायका, ज्यांना सगळे ‘माता’ म्हणत, पांढऱ्या पोशाखांत पुढच्या बाकावर, हातांत पंखे. तळघरातून तळलेल्या कोंबडीचा आणि मक्याच्या पावाचा वास. क्रचरसाहेबांना व्यासपीठावरच्या उंच आसनात बसवलं होतं. अर्झेलिया शेवटच्या बाकावर होती. पुढच्या बायका माना वळवून बघत होत्या, कुजबुजत होत्या, “टोपी बघ तिची! एवढ्या पिसांत अख्खं कोंबडं झाकलं जाईल गं!”

चर्चचा कारभार पाहणारे डीकन प्रुइट उठले, घसा खाकरला. “आजच्या दिवशी मंडळीची क्षमा मागायला कुणी पुढे येणार आहे का?”

अर्झेलिया उठली. मधली वाट किती लांब असते, हे त्या वाटेने मान खाली घालून चालल्याशिवाय कळत नाही! ती पोहोचली, तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला...

“ताई, थांब!”

दारापाशी स्वागताला उभी असलेली ओझी, पांढरे हातमोजे छातीशी आवळून, धापा टाकत पुढे येत होती. “बसू नकोस! ती सुटकेस हिची नव्हती! ऐका सगळेजण... बाबा, तुम्ही ऐका! ती माझी होती! मी पळून जाणार होते, त्या माणसाला मी शब्द दिला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा माझी जीभ उचलली नाही, आणि हिने माझी मानहानी आपल्या माथी घेतली... माझेच कपडे घालून गेली हो ती! चौदा वर्षं मी तुमच्या हातचा आशीर्वाद चोरून खाल्ला, बाबा! चोर मी आहे!”

अर्झेलियाने धावत जाऊन तिला सावरलं. पंखे हलायचे थांबले.

आणि व्यासपीठावर काठीचा ठोका ऐकू आला. क्रचरसाहेब उभे राहिले होते! प्रुइट आधार द्यायला धावले, त्यांनी त्यांना कोपराने दूर सारलं. एक पायरी... दुसरी... तिसरी. ओझी अंग आकसून उभी होती; आता हे चालते होणार, नाहीतर काठी उगारणार, असंच सगळ्यांना वाटलं. ते ओझीसमोर थांबले, आपला हात त्यांनी क्षणभर तिच्या डोक्यावर ठेवला. मग वळले, आणि त्या खुर्चीत... जे आजवर दुसऱ्यांनाच तिथे बसवत आले होते ते... स्वतः बसले.

त्यांनी तोंड उघडलं. “नाही... नाही... ना...” जीभ अडखळत होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांत आकांत दाटला होता, आणि शब्द काही येत नव्हता!

अर्झेलिया ऑर्गनकडे धावली. तिथे बसलेली मुलगी झटकन बाजूला सरकली.

“भगिनी क्रचर!” प्रुइट गडबडून म्हणाले. “तुम्हाला अजून क्षमा झालेली नाही. नियम आहे—”

“प्रुइट, खाली बस!” ब्याऐंशी वर्षांच्या टॉलिव्हरआजी कडाडल्या. “नियम करणाराच त्या खुर्चीत बसलाय, दिसत नाही? तुझ्या चष्म्याला काचा आहेत की नुसती काडी?”

अर्झेलियाने खालचा, बोलण्याच्या पट्टीतला सूर दिला. आणि वाट पाहिली.

“मी...” होझिया क्रचर गाऊ लागले. “मी... पाळक होतो...”

ऑर्गनने उत्तर दिलं.

“दुसऱ्यांची... मेंढरं... राखली...”

“खरं आहे!” मागून कुणीतरी म्हणालं.

“माझं कोकरू... दाराबाहेर... काढलं! विचारलं नाही, प्रभू... एकदाही... विचारलं नाही, का!”

“बोला, पाळकसाहेब!”

सूर चढत होता, श्वास लयीत येत होता. तोच तो जुना चढाव, फक्त या वेळी शिखरावर जयघोष नव्हता. “क्षमा कर... मंडळी! क्षमा कर... झेली... माझ्या झेली!”

आता रीतीप्रमाणे, क्षमा केल्याची खूण म्हणून, पहिला हात द्यायचा पाळकाने. मग साऱ्या मंडळीने एकेक करून. पण पाळकच खुर्चीत होता! सगळ्यांचे डोळे अर्झेलियाकडे वळले. पहिला हात तिचाच, दुसऱ्या कुणाचा असू शकत होता? पण तिचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते, आणि तिला मनोमन ठाऊक होतं, की ते उचलले तर सूर तुटेल. सूर तुटला तर त्यांचे शब्द जातील... कदाचित कायमचे! ती वाजवत राहिली, रडत राहिली. काय करू, देवा? हात देऊ, की आवाज?

तेव्हा टॉलिव्हरआजींनी डोळे मिटले आणि तोच सूर मिटल्या ओठांनी धरला. शेजारच्या मातेने धरला. मग बाकामागून बाक, पुरुषांनी खालचा, बायकांनी वरचा, माळ्यावर बसलेल्या पोरांनीही... सगळं माउंट नेबो त्या एका सुराने भरून वाहू लागलं. अर्झेलियाने एक हात उचलला. सूर होता. तिने दुसरा उचलला. सूर होताच!

ती खाली आली, खुर्चीसमोर गुडघे टेकून बसली, आणि तिने आपला उजवा हात पुढे केला.

“बाबा, मी तर त्याच दिवशी क्षमा केली होती हो... बसमध्ये बसता बसताच.”

त्यांनी तो हात आपल्या हातात धरून कपाळाला लावला, आणि ऑर्गनवाचून, लोकांच्या सुरावर त्यांचे शब्द येतच राहिले. झेली... ओझी... झेली... दोन लेकींची दोन नावं, हा सबंध उपदेश! ओझीचा हात दुसरा. दोघी बहिणी एकमेकींना कवटाळून रडल्या, आणि अर्झेलियाला जाणवलं, की छातीवरचा इतक्या वर्षांचा धोंडा असा अलगद उतरला आहे, की श्वास घ्यायलाही थोडं शिकावं लागणार. मग रांग लागली. एकेक जण हात देऊन पुढे सरकत होता. शेवटी प्रुइट आले, चष्मा पुसत, नाक ओढत त्यांनी क्रचरसाहेबांशी हात मिळवला, मग अर्झेलियाशी, आणि ऑर्गनच्या रिकाम्या बाकाकडे बघत पुटपुटले, “आता... बसा ना, भगिनी. नव्या पाळकाचं पुढच्या महिन्यात बघू.”

ती बसली. बाबा खुर्चीतून उठायला तयार नव्हते. तिथूनच त्यांनी पुढची ओळ उचलली. दोन वाजले, अडीच वाजले. तळघरातून वर आलेली एक बाई जिन्यातूनच कुजबुजली, “टॉलिव्हरआजी, कोंबडी पार गार झाली हो! यांना आवरतं घ्यायला सांगा की!”

“तूच सांग, हिंमत असेल तर!” पंखा हलवत आजी म्हणाल्या. “चौदा वर्षांचं साठलंय त्यांच्या पोटात. कोंबडी पुन्हा गरम करता येते, पोरी. ये, इथे माझ्याजवळ बस, आणि गा.”