जरा जास्तच गोल सूज

त्याची पहिली शिंक दवाखान्याच्या दारात, दुसरी पायपुसण्यावर आणि तिसरी थेट तिच्या रजिस्टरवर. एरवी ती आतल्या खोलीत इंजेक्शनं देत असायची; त्या दिवशी नावं लिहिणाऱ्या बाई रजेवर होत्या, म्हणून ती टेबलाशी बसली होती. तिने शांतपणे पान पुसलं.

"काम काय करता?"

"खेळाचं मैदान सांभाळतो... गवत कापतो."

"आणि त्रास कशाचा?"

"गवताचाच, सिस्टर!"

तिला हसू आवरेना. ज्याच्यावर पोट, त्याच्याशीच नाकाचं वैर! देवाच्या दरबारात असले विनोद पुष्कळ होतात. ज्याच्यावर होतात त्याला मात्र ते उशिरा कळतात.

दवाखाना तिच्या मामांचा. मामांनी तपासून सांगितलं, "ज्या परागकणांनी शिंका येतात, त्यांचाच अर्क टोचायचा. आधी थेंबभर, मग दर आठवड्याला जरा जास्त. शरीर सरावलं की महिन्यातून एकदा. पण गवत फुलायच्या आत सरावायला हवं."

नाही सरावलं, तर मैदानावरचं काम जाणार होतं. तसं त्याच्या साहेबांनी बजावलंच होतं.

मग दर मंगळवारी तो येऊ लागला. टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसायचं. ती त्याच्या दंडाकडे बघे, तो तिच्याकडे.

"श्वास लागतोय?"

"तुम्ही समोरून हललात की सांगतो..."

"मामांना आत सगळं ऐकू जातं हं!"

घरी गेल्यावर सूज आलीच, तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारायची, पातळ कागदावर ती गिरवायची आणि कागद पुढच्या खेपेला आणायचा, अशी तिथली रीत. सात आठवडे त्याने काहीच आणलं नाही. आठव्याला मात्र चांगली लिंबाएवढी सूज कागदावर आली. नवव्यालाही तेवढीच. मात्रा वाढवणं थांबलं.

"याला झेपत नाही," तो गेल्यावर मामा तिला म्हणाले. "बंद करू या."

ती 'बरं' म्हणाली. आवाज बेताचाच निघाला.

दुपारी फाइल बंद करताना तिने ते दोन कागद एकावर एक ठेवले आणि उजेडात धरले. रेघेवर रेघ. दोन्ही गोल गरगरीत, केसाचाही फरक नाही. दहा वर्षांत तिने शेकडो सुजा मोजल्या होत्या. एकीला पोट सुटलेलं, दुसरीला शेपूट फुटलेलं. खरं असतं ते ओबडधोबडच. सुबकपणा लागतो तो लबाडीला.

पुढच्या मंगळवारी त्याने बाही वर केली. तिने सुई उचललीच नाही.

"झाकण कशाचं होतं?"

त्याने बाही पुन्हा खाली ओढली. मग हळूच म्हणाला, "मधाच्या बरणीचं."

"का?"

"मात्रा पुरी झाली की महिन्यातून एकदाच यायचं ना... महिना फार मोठा असतो, सिस्टर."

तिचे कान तापले. रागाने, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं.

"मैदान जाईल तुमचं! आणि मी काय तुमच्या चित्रकलेवर सुई भरायची? उद्या खरी सूज आली तर ओळखू कशी? विश्वास ठेवू कशावर?"

"चुकलो," तो म्हणाला. नुसतंच.

"मला नको. मामांना सांगा. आत्ताच."

तो आत गेला. दार अर्धवट लोटलेलं होतं. ती कापसाचे बोळे करत राहिली. गरजेपेक्षा बरेच जास्त झाले. मग मामांचा आवाज आला, "गाढव आहात!" आणि जरा थांबून, "तरी स्वतः येऊन सांगितलंत."

मामा दारात आले. "मात्रा वाढव. गवत फुलायला अजून वेळ आहे. आणि ह्याला जरा जोरात टोच."

तिने नेहमीसारखंच हलक्या हाताने टोचलं.

"म्हणजे आता..." त्याचा आवाज पडला होता, "थोड्या आठवड्यांनी महिन्यातून एकदाच."

"सुई महिन्यातून एकदा." तिने बोळा दाबून धरला; नजर मात्र बोळ्यावरच. "मी रोज सहाला सुटते. चालत जाते."

"घर... लांब आहे?"

"सोबत कोण आहे, त्यावर आहे."