वासाबरोबर उडालेलं नत्र

मंगळावरच्या घुमटातला मका पिवळा का पडत होता? पाणी वेळेवर, उजेड भरपूर, वर डुकरांचं खतही हवं तेवढं. तरी मेली खालची पानं टोकापासून पिवळी पडून वाळत चालली होती.

शेवटी वसाहतीचे प्रमुख विश्रामकाका म्हणाले, "खत कुचकामी असेल तर डुकरं कापावी लागतील. नुसती खाणारी तोंडं किती पोसायची?"

डुकरांची देखभाल करणाऱ्या वेणूनं हे ऐकलं. भोपळी नावाच्या डुकरिणीला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती रडतच निर्मलआत्याकडे गेली. आत्या मातीची शास्त्रज्ञ.

"रडून मका हिरवा होतो का गं?" आत्या म्हणाली. "चल, खत बघू."

बंद घुमटात वास कोंडतो, म्हणून तिथली रीतच होती: खत पसरायचं, पंखे लावायचे, वास पार गेला की मगच शेतात टाकायचं. विश्रामकाका स्वतः हुंगून परवानगी देत! आत्यानं नत्रमापक (खतातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, मोजणारं यंत्र) आधी ताज्या खतात खुपसला. काटा वर चढला. वाळलेल्या खतात मात्र तो निम्म्यावरही जाईना.

"पानांना हिरवं राहायला नत्र लागतं," आत्या म्हणाली.

"मग ते गेलं कुठं?"

"ताज्या खताजवळ नाक का धरलंस?"

"झोंबतंय!"

"तो अमोनिया (नत्र असलेला वायू). खतातलं बरंचसं नत्र असं वायू होऊन उडून जातं. आपण वास घालवत बसलो आणि मक्याच्या तोंडचा घास घालवला."

वेणू म्हणाली, "म्हणजे भोपळीचा काहीच दोष नाही."

"मुळीच नाही. ताजं खत लगेच चरात टाकून ओल्या मातीनं झाकायचं. माती अमोनिया धरून ठेवते. पण बेतानं हं! जास्त झालं तर मुळं जळतात, पाणीही नासतं."

विश्रामकाकांनी कुरकुरत एक वाफा दिला. वेणूनं नाकाला फडकं बांधून चर बुजवले आणि रोज जाऊन पाहू लागली. जुनी पानं पिवळीच राहिली. नवी मात्र गर्द हिरवी फुटली.

विश्रामकाका वाफ्यापाशी वाकले, सवयीनं हुंगू लागले. "वास नाही येत."

"तो आता मातीत आहे," वेणू म्हणाली.

काकांनी काचेबाहेरच्या लाल, उजाड माळाकडे पाहिलं. "त्या मातीलाही एक दिवस नत्र लागेल," ते म्हणाले. "वेणू, भोपळीला पिल्लं कधी होणार गं?"