सगळ्या पाण्यांत चालेल असा रॉड

“सगळीकडे चालेल असा एकच रॉड द्या. आणि स्वस्त.”

नमस्कार नाही, चमत्कार नाही. दुकानात शिरल्या शिरल्या तो एवढंच म्हणाला. मी काउंटरमागे बसून मासे धरायच्या एका जुन्या रॉडची, दोरा ओवायची निसटलेली कडी बांधत होते, दोऱ्याचं टोक दातांत धरलेलं, त्यामुळे उत्तर द्यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात या गृहस्थाने भिंतीवरचा सगळ्यात लांब रॉड उचलला, मोठ्या ऐटीत वळला आणि त्याचं टोक थेट छताच्या पंख्यात घातलं.

खडखड आवाज ऐकून मामाने आतूनच विचारलं, “काय गं, काय पडलं?”

“काही नाही मामा. मासा आलाय.”

तो हसला. काही माणसं स्वतःवर झालेल्या विनोदाला हसतात तेव्हा फार छान दिसतात, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण हे सगळं शहाणपण नंतरचं. तेव्हा मीही हसले.

समोरच्या चष्म्याच्या दुकानात तो डोळे तपासायचा. रस्त्यापलीकडच्या काचेतून त्याचा पांढरा कोट मला कित्येकदा दिसला होता. त्याच्या आत माणूस आहे हे आज कळलं.

“सगळीकडे म्हणजे कुठे?” मी विचारलं.

“तळं, नदी, धरण... नेतील तिथे.”

“आणि मासा कुठला?”

“ज्याला दया येईल तो.”

“असा रॉड नसतो हो. छोट्या माशाला बारीक, लवचीक लागतो. मोठ्याला दणकट. सगळं एकातच मागणारे शेवटी काठावर ऊन खात बसतात.”

“मग त्यातल्या त्यात?” तो काउंटरवर वाकला. “खरं सांगू? होणाऱ्या सासऱ्यांबरोबर जायचंय. म्हणजे, लग्न अजून ठरलेलं नाही, पण ठरल्यात जमा आहे. त्यांना गळाने मासे धरायचं वेड आहे. फोनवर त्यांनी विचारलं, तुम्हाला येतं का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो, लहानपणापासून.”

“आणि येतं काय?”

“पंख्याला विचारा.”

तेव्हा ‘होणारे सासरे’ हे शब्द माझ्या कानांवरून गेले, इतकंच. गिऱ्हाईक होतं, लग्नाळू होतं, मला काय त्याचं? मी तीन रॉड काढून त्याच्यापुढे मांडले. त्याने एक उचलला, मग दुसरा, आणि गंभीर आवाजात विचारू लागला, “हा बरा... की हा? पुन्हा बघा. पहिला... की दुसरा?”

“तुम्ही रॉड घेताय की माझे डोळे तपासताय?”

“सवय हो. दिवसभर तेच करतो.”

मग मीच निवडला. सात फुटांच्या आसपासचा, मध्यम ताकदीचा. टोक हलक्या झटक्यालाही थरथरेल, पण कंबर सहजासहजी वाकणार नाही. दोन तुकड्यांत सुटणारा, म्हणजे बसमध्ये कुणाच्या डोळ्यात जायला नको. नुसत्या कार्बनचा हलका असतो, पण आपटला की गेला. फायबर मिसळलेला जरा जड, पण नवशिक्याचे हाल सोसतो. कापसाचा बोळा एकेका कडीतून फिरवून दाखवला. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, दोरा तिथेच तुटणार. शेवटी मूठ मापायची होती. रिळामागचा भाग कोपरापर्यंत पोचला पाहिजे. त्याने बाही सारून हात पुढे केला, मी त्यावर रॉड ठेवला.

“बसलं माप?” त्याने हळूच विचारलं.

“बसलं,” मी म्हणाले, आणि हात काढून घ्यायला थोडा उशीरच केला.

मामाचा एक नियम आहे. नवशिक्याला रॉड नुसता विकायचा नाही. दुकानामागच्या अंगणात पलीकडच्या भिंतीशी एक प्लास्टिकचा टब ठेवलेला असतो. दोऱ्याला गळाऐवजी रबराचा गोळा बांधायचा आणि तो लांबून टबात टाकायचा. सलग पाच वेळा पडला की शिकवणी संपली, आमचा तुमचा संबंध दोऱ्या-गळापुरता. तोवर मात्र कधीही या, शिकवू. आजवर कुणाला या कामाला आठवड्याच्या वर लागलं नव्हतं.

हा गडी महिनाभर आला.

रोज संध्याकाळी कोट काढून, बाह्या दुमडून. सुरुवातीला रीळ रॉडच्या वर धरून उभा राहिला. मी उलटं करून हातात दिलं. “रीळ खाली लोंबू द्या. रिळावरची तार उघडायची, दोरा बोटावर तोलायचा, हात मागे... आणि पुढे आला की बोट सोडायचं.” त्याने सोडायला उशीर केला. गोळा त्याच्याच पायाशी आपटला.

“मास्तरीणबाई, चूक कुणाची? शिकवणाऱ्याची की शिकणाऱ्याची?”

“बोटाची.”

“मग बोट धरून शिकवा.”

असं बोलायचा. आणि मी, जिला आख्खी गल्ली फटकळ म्हणते, ती खरोखर त्याच्या मागे उभी राहून त्याचं बोट धरायची. एकदा मध्येच सर आली. आम्ही पत्र्याच्या शेडखाली खोक्यांना चिकटून उभे राहिलो. पत्र्यावर असा धडधडाट की बोलायचं तर कानाशीच तोंड न्यावं लागे. त्याने नेलं. “तू रोज थांबतेस माझ्यासाठी?” त्याने विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, मला कळलंही नाही.

“दुकान बंद करायला थांबते,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला, आणि माझ्या भुवईवरचा थेंब बोटाने पुसला.

पुढच्या आठवड्यात त्याने माझे डोळे तपासले. बारीक कड्या बांधून माझं डोकं दुखायचं, म्हणून. अंधारी खोली, नाकावर ती जड चौकट, आणि त्याचा चेहरा एका विताच्या अंतरावर. “वर बघ... खाली बघ... आता माझ्याकडे.” मी बघितलं. तो काहीतरी बघत होता खरा. ते माझं बुबुळ होतं की मी, हे त्या उजेडात मला ठरवता आलं नाही. बाहेर आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे चांदण्यांसारखे फुटलेले दिसत होते. ते डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे होतं. मी मात्र त्याचं सगळं श्रेय त्याला देऊन टाकलं.

“ती कशी आहे?” एकदा मी विचारलंच.

“चांगली आहे.” तो रीळ गुंडाळत राहिला. “दोन-तीनदा भेटलोय. आईला फार आवडली.”

“आणि तुला?”

“मला... तू टब जरा अलीकडे घेशील?”

यातून माणसाने काय समजायचं? मला जे हवं होतं ते मी समजले. आणि मग ती संध्याकाळ आली. मी माळ्यावर खोकी लावत होते, खिडकीतून अंगण दिसत होतं. मी खाली आहे की वर, त्याला माहीत नव्हतं. त्याने गोळा टाकला. टबात. पुन्हा टाकला. टबात. असा पाच-सहा वेळा, अगदी सहज, दुसरा हात खिशात घालून.

मी धावत जिना उतरले. मला बघताच त्याने हात फिरवला आणि गोळा भिंतीवर जाऊन आदळला.

“आज पण नाही जमलं,” तो म्हणाला.

“नाही ना? मग उद्या ये.”

त्या दिवशी मी हवेत होते. माणूस मुद्दाम नेम चुकवतो तो कशासाठी? जमलं तर यायचं बंद होईल म्हणून. दुसरं काय कारण असणार? याहून स्पष्ट कुणी कुणाला काय सांगायचं?

“तुझा विद्यार्थी फारच ढ दिसतो गं,” मामा रात्री जेवताना म्हणाला.

“आहे थोडा.”

“की मास्तरीण ढ आहे?”

मी ताट उचलून मोरीत ठेवलं. मामा चेष्टा करतो तेव्हा त्याला सगळं दिसलेलं असतं.

शेवटी सासऱ्यांबरोबर जायचा दिवस ठरलाच. आदल्या संध्याकाळी तो रॉड घेऊन आला. “उद्या पहाटे निघायचंय. एकदा नजर टाकशील?” आणि अंगणात जाऊन फोनवर बोलत बसला. रॉड माझ्या हातात होता. रिळाच्या तोंडावर एक चकती असते, मासा ओढायला लागला की दोरा किती सैल सोडायचा ते तीच ठरवते. ती दोन आटे जास्त आवळली असती तर बाहेरून काही दिसलं नसतं. मोठा मासा लागला असता, हिसका बसला असता आणि दोरा तट्कन तुटला असता, त्याच सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत. लहानपणापासून येतं म्हणणाऱ्याला तेवढं पुरे होतं.

मी चकतीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. नाही झालं माझ्याच्याने. आमच्या हातून गेलेला रॉड मुद्दाम बिघडवायचा म्हणजे मामाच्या तोंडाला काळं फासणं. आणि तसंही, मला जिंकायचं होतं ते त्याने स्वतःहून निवडल्यावर. दोरा हाताने ओढून बघितला, चकती जिथे हवी तिथे बसवली, कड्या पुसल्या. त्याच्या ताब्यात देताना म्हणाले, “मासा ओढतोय तोवर रीळ फिरवू नकोस. त्याला पळू दे. दमला की मग.”

“तू नसतीस तर माझं काय झालं असतं?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर दुकानात काहीबाही पाडत होते. माझ्या मनाने सगळं लिहून टाकलं होतं: काठावर बसल्यावर त्याला माझं अंगण आठवेल, आणि परत येऊन तो सांगेल की हे लग्न मला जमणार नाही.

तो आला तो उन्हाने नाक सोलवटून. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“एवढा मोठा लागला,” हात पसरून तो म्हणाला. “त्याला पळू दिलं, तू म्हणालीस तसं. सासरे काठावरून बघत होते. शेवटी पाठीवर थाप मारून म्हणाले, मुलात धीर आहे. तिथेच बसल्या बसल्या तारीख ठरवली. पुढच्या महिन्यात.”

मी काउंटरवरचे गळ डबीत भरत होते. एक बोटात गेला. रक्त आलं, तो पटकन पुढे झाला, मी हात मागे घेतला. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

“मला तू आवडतोस,” मी म्हणाले. “म्हणजे तसाच. लग्न करावं इतका.”

तो खाली बघत म्हणाला, “मला माहीत होतं.”

मी तयार होते ते नकाराला. ‘अगं, मला कल्पनाच नव्हती’ हे ऐकायला सुद्धा. हे नाही.

“केव्हापासून?”

“त्या पावसापासून... असेल.”

“तुझा गोळा टबात पडत होता. मी वरून बघितलंय. मग चुकवायचास कशाला?”

“बरं वाटायचं गं इथे.” तो इतक्या खरेपणाने म्हणाला की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. “दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत असतो मी. घरी गेलं की लग्नाच्या गोष्टी. इथे कुणीतरी माझी वाट बघतंय, हे बरं वाटायचं. मला वाटलं, तू काही बोलणार नाहीस. एक शब्द जरी बोलली असतीस, तर कदाचित...”

“आता बोलले ना.”

मी थांबले. खरंच थांबले, इतकं ऐकूनही. कारण त्याने तेव्हा, तिथे, ‘हो’ म्हटलं असतं तर मी सगळं विसरले असते, एवढी मी खाली उतरले होते.

त्याचा फोन वाजला. त्याने माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि उचलला. “निघतोच आहे... नाही गं, मित्राकडे आलो होतो. तू जेवलीस? का नाही? माझ्यासाठी थांबलीस होय?” आवाज खाली आणून, जरा हसून, तिला चिडवत. अगदी तोच आवाज. पत्र्याखाली माझ्या कानाशी होता तो. महिनाभर मी जो माझा समजून जपला, तो त्याचा सगळ्यांसाठीचा आवाज होता.

फोन खिशात टाकून तो दारापर्यंत गेला आणि वळला. “येत जाईन मी अधूनमधून. दोरा, गळ... काही ना काही लागेलच.”

“दोरा कुठेही मिळतो.”

“रागावलीस?”

त्याला ‘नाही रे’ हवं होतं. तेवढं पदरात पडलं असतं की तो हलक्या मनाने गेला असता, आणि माझ्याविषयी चार चांगले शब्दही बोलला असता कधीतरी, बायकोपाशी.

“हो,” मी म्हणाले. “खूप.”

तो गेला. मी काउंटरवर डोकं टेकलं आणि मोठमोठ्याने रडले, लाज न बाळगता. मामा आतून बाहेर आला. माझ्या बाजूने पुढे गेला आणि पलीकडच्या काचेतून मी कुणाला दिसू नये म्हणून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.