गाडीखालचं ध्रुपद

तुम्ही हसाल, हे मला ठाऊक आहे. पण ज्या जिभेनं सारा जन्म देवाचं नाव गायलं, त्या जिभेनं मला हे सांगितलंय. म्हणून मी ते खरं मानतो.

कृपाबाई माझ्या आईची आत्या. शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत ती कीर्तन करायची. चिपळ्या वाजवत तिनं माशाच्या पोटातून परत आलेल्या योनाचं आख्यान लावलं, की मागच्या बाकावर पेंगणारे पंचसुद्धा ताठ बसायचे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

वैशाखातली टळटळीत दुपार. साल १९६३. जागा भीमेचा उतार, न्हावऱ्याकडून राहूला जाताना नदीतून गाडी पार न्यायची ती उथळ जागा.

मंडळीकडं तेव्हा एक डिझेल पिकअप होती. पुढं केबिन, मागं उघडा हौदा. पेटी-तबला आणि गाणारी माणसं त्या हौद्यात बसून गावोगाव कीर्तनाला जायची. ती चालवायचा शलमोन. भला माणूस. कीर्तनात तो कृपाबाईच्या मागं टाळ घेऊन उभा राहायचा. ताल पक्का, पण सूर... सूर त्याला जन्मात लागला नाही. त्यानं ध्रुपद धरलं, की कृपाबाई मागं न बघता नुसती चिपळी उगारायची. लोक हसायचे. सगळ्यात जास्त तोच हसायचा.

आदल्या पावसाळ्यात, ह्याच उतारात गाडी धुताना, भीमेनं त्याला नेलं.

तो सापडला नाही.

तेव्हापासून गाडीत कुणी बसेना. मागच्या चाकांमधून कण्हल्यासारखा आवाज येतो, म्हणायचे. शेवटी पंचांनी ठरवलं, गाडी मोडीत काढायची.

"मग खेड्यापाड्यांत कीर्तन कोण नेणार?" कृपाबाईनं भर सभेत विचारलं. "राहूच्या कीर्तनाला मी त्याच गाडीतनं जाते. दिवस मावळायच्या आत पोचले तर गाडी ऱ्हायली. न्हाई पोचले तर घाला मोडीत."

बाकीचे एस.टी.नं लांबून फिरून गेले. गाडीत दोघंच. कृपाबाई आणि नवा ड्रायव्हर येशुदास.

उतारात पाणी बेताचंच होतं, अर्धी चाकं बुडतील एवढं. गाडी पल्याडच्या काठावर चढली...

आणि मागून आवाज सुरू झाला.

हूँऽऽऽ...

येशुदासनं ब्रेक दाबला. "आक्का, आला बघा."

"कोण? पाव्हणा?"

"मस्करी नगा करू. शलमोनदादा..."

"शलमोन प्रभूपाशी हाय. गाडीखाली त्याचं काय काम? उतर आन् बघ."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, डिफ्रन्सल म्हणतात त्याला. आत दात्यांची चाकं आणि दाट तेल. गाडी पाण्यातून काढली, की कधी कधी त्यात पाणी शिरतं आणि चाकं कण्हायला लागतात. तेल बदललं की संपलं. येशुदासजवळ तेलाचा डबा होताच.

तो गोणपाट टाकून खाली सरकला. वरचं बूच आधी सोडलं, मग खालचं. हे त्याला शलमोननंच शिकवलं होतं. वरचं निघतंय का ते पाहिल्याशिवाय खालचं उघडायचं नाही, नाहीतर जुनं तेल वाहून जातं आणि नवं भरायला वाट राहत नाही.

आधी पाणी आलं. मग ताकासारखं पांढुरकं तेल. येशुदास हसला. "पानीच शिरलंय, आक्का."

धार बारीक झाली.

थांबली.

आणि पुन्हा लागली...

आता नुसतं पाणी. नितळ. खाली ठेवलेलं घमेलं भरलं, ओसंडलं. त्या गोळ्यात मावून मावून किती मावणार? इथं घागरभर वाहून गेलं, तरी धार तुटेना.

कृपाबाईनं वाकून हात लावला. वर पत्र्याला चटका बसत होता, आणि हे पाणी डोहाच्या तळचं असावं तसं गार.

मघापासून बाभळीवर होले घुमत होते. ते थांबले होते...

नदीचाही आवाज येत नव्हता.

येशुदास सरपटत बाहेर आला तो थेट बाभळीखाली. "मी न्हाई आता खाली जायचो. कायबी करा."

"बरं, नगं जाऊ. वर हौद्यात चढ आन् नरसाळ्यानं तेल वत. तेवढं तरी हुईल का, का त्यालाबी तुझ्या आईला बोलवू?"

आणि कृपाबाईनं पदर खोचला. नऊवारीचा काचा घट्ट केला. गोणपाटावर उताणी होऊन ती गाडीखाली सरकली.

"झालं का तुझं?" ती त्या धारेला म्हणाली. "बास आता."

खालचं बूच लावून तिनं पान्यानं करकचून आवळलं. नरसाळ्याला जोडलेली रबरी नळी वरच्या भोकात घातली. वरून तेल येऊ लागलं. दाट तेल, त्याला वेळ लागतो. मनाला आधार म्हणून ती गाऊ लागली. पद नवं होतं. त्याच सकाळी चुलीपुढं सुचलेलं. अजून कुणी ऐकलेलं नव्हतं.

"खोल पाण्यातही, देवा, तुझाच हात..."

कीर्तनात ध्रुपद मागून येतं. पुढचा म्हणतो, मागचे धरतात.

ते आलं...

अगदी कानापाशी. लोखंडाच्या आतून.

"खोल पाण्यातही, देवा, तुझाच हात..."

"येशुदास, तू म्हणलास?"

"न्हाई, आक्का..." वर नरसाळं पत्र्यावर खडखडत होतं. त्यानंही ऐकलं होतं.

पुढची ओळ तिच्या ओठांवर यायची होती. त्याआधीच तो आवाज पुढं गेला...

"सोडू म्हणता सुटेना, अशी तुझी साथ..."

ती ओळ तिनं नुसती मनात जुळवली होती.

तेल पुरेसं झालं का, ते बोट घालून बघतात. बोटाच्या टोकाला तेल लागलं, की बूच लावायचं. कृपाबाईनं नळी काढली. देवाचं नाव घेतलं आणि बोट आत घातलं.

तेल लागलं नाही.

आत कुणीतरी ते बोट धरलं...

हळूच. लहान मूल धरतं तसं. आणि मग ओढलं.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. कृपाबाई म्हणायची, मला राग आला. असा राग की भीतीला जागाच उरली नाही.

"हे बघ," ती म्हणाली, "तू कोण असशील तो अस. मला दिवस मावळायच्या आत योनाचं आख्यान लावायचं हाय. गायचं असंल तर गा, देवाचं नाव कुणीबी घ्यावं. पर गाडी त्याच्या कामाची हाय, ती मी नेणार. सोड बोट!"

आणि तिनं खड्या आवाजात पद पहिल्यापासून उचललं. गाडीखाली, उताणी, तोंडावर धूळ पडत असताना. लोखंडातून ध्रुपद येत राहिलं. ती थांबली नाही. तेही थांबलं नाही.

शेवटच्या चरणाला पकड सुटली.

बोटाला तेल लागलं. दाट, कोमट, जसं असावं तसं.

बाभळीवर होले पुन्हा घुमू लागले.

दिवस मावळायच्या आत गाडी राहूला पोचली. कीर्तन असं रंगलं, की आधी पोचलेले पंच मोडीचं नावच विसरले. पुढं कितीतरी वर्षं ती गाडी चालली, गावोगाव देवाचं नाव घेऊन गेली. फक्त त्या उतारात शिरली, की येशुदास मोठमोठ्यानं काहीबाही गायला लागायचा. मागचं ऐकू येऊ नये म्हणून.

ते पद आमच्याकडं अजून म्हणतात. मीही ध्रुपद धरतो. पण पाठीमागं मोकळी जागा असेल, तिथं मी उभा राहत नाही. पाठीला भिंत लागते मला.

कृपाबाईच्या म्हातारपणी मी तिला विचारलं होतं. "आत्याआजी, शलमोनच असंल ना तो? तुम्हाला साथ द्यायला आला असंल."

तिनं उजव्या हाताचं ते बोट उन्हात धरलं. त्याचं टोक कायम पांढरं, सुरकुतलेलं असायचं. आत्ताच पाण्यातून काढल्यासारखं.

"शलमोन असता तर मला भ्या कशाचं होतं, बाळा? त्याला जन्मात कवा सूर लागला न्हाई."

तिनं ते बोट पदरात गुंडाळलं.

"आन् ह्यो... एका जागीबी चुकला न्हाई."