सहा नटांची ताटली

मेलेल्या माणसाने दिलेला शब्द कोणी पाळायचा, सांगाल?

थांबा. उत्तराची घाई नको. आधी लखनची हकिकत ऐका. आय.टी.आय.मध्ये तो माझ्या हाताखाली शिकला, पुढे अंबडला रावजीशेठच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाला. त्याला खोटे बोलताना मी कधी पाहिलेले नाही.

२००१च्या जूनमध्ये डहाणूकडच्या एका मासेमारी बोटीचे इंजिन त्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आले. नारळी पौर्णिमेला बोट समुद्रात जायची होती. काम गोटीरामकडे आले. हा पेठ गावचा, वर्कशॉपमधला सर्वांत जुना फिटर.

इंजिनातून धूर बाहेर नेणारी एक वाकडी नळी असते. तिला एल्बो म्हणतात. आतून धूर जातो आणि भोवतीच्या पोकळीतून समुद्राचे पाणी फिरून तिला थंड ठेवते. ते खारे पाणी लोखंडाला आतल्या आत खाते. वरून काहीच दिसत नाही. गोटीरामने एल्बोवर हातोडीने तीनदा ठोकले. ओतीव लोखंड ठण्ण वाजायला हवे. ते फुटक्या मडक्यासारखे बद्द वाजले.

बोट चालवणारा तांडेल समोरच उभा होता. त्याच्यासह चार माणसे इंजिनाशेजारच्या केबिनमध्ये झोपत.

"ह्यो सडला," गोटीराम त्याला म्हणाला. "हितून धूर फुटला तर झोपल्या जागी मराल. नवा बसवल्याबिगर इंजिन जायचं नाय. माझा शब्द हाय."

गोटीरामची एक रीत होती. एल्बोचे सहा नट उघडले, की ते पितळी ताटलीत वर्तुळाने मांडायचे, जसे जागेवर होते तसेच. "परतेक नटाचं घर येगळं," तो लखनला सांगे. अशी मांडणी दुसरे कोणी करत नसे.

जुलैच्या सुरुवातीला गोटीराम तापाने गेला.

नवा एल्बो मुंबईहून यायला वेळ लागणार होता. रावजीशेठ थांबले नाहीत. जुन्याच एल्बोची गंजून पडलेली भोके त्यांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली, वर चंदेरी रंग मारला आणि तांडेलाला फोनवर कळवले, "नवा बसवला."

"शेठ, गोटीरामकाकांनी शब्द दिला होता," लखन म्हणाला.

"देणारा गेला. बसव."

लखनने बसवला. ही गोष्ट मी झाकणार नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी बाहेरचे कुलूप जसेच्या तसे होते. आत एल्बो जमिनीवर पडलेला. शेजारी पितळी ताटली. तीत सहा नट, वर्तुळाने.

शेठनी लखनला शिव्या दिल्या आणि एल्बो पुन्हा चढवायला लावला. सोमवारी सकाळी तेच.

"आता पाना माझ्या हातात देऊ नका," लखन म्हणाला. "हवं तर कामावरून काढा."

"भुताला भितोस होय रे, आय.टी.आय.वाल्या?"

"त्या चौघांच्या बायकांना काय सांगायचं, ते तुम्ही सांगा."

शेठ हसले. एल्बो त्यांनी स्वतः चढवला. सगळे पाने कपाटात घातले आणि किल्ली कमरेला लावली. "पहाटे टेंपो येतोय. रात्रभर इंजिन चालू ठेवून मी इथेच बसतो. तापलेला नट तुझा गोटीराम कसा उघडतो, बघू!"

श्रावणातला तो दुसरा सोमवार, ३० जुलै. शेठचा दिवसभर कडकडीत उपवास होता. तो फक्त पोटाचा.

रात्री अकरा चाळीसला त्यांनी शटर ओढून आतून कुलूप लावले. धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढलेला होता. एल्बो धड असता, तर आत धूर साचण्याचे कारण नव्हते.

लखनचा पाय निघेना. तो बाहेर पायरीवर बसला. इंजिन एका लयीत चालले होते. बारा वाजले. साडेबारा. एक वाजून दहा मिनिटे झाली...

बद्द.

तो उठला.

बद्द... बद्द...

"कोण आहे?" आतून शेठचा आवाज.

...

"ठेव. खाली ठेव तो नट!"

...

"नाही बदलणार! मालक मी आहे! ऐकलंस? नाही... बदल..."

इंजिन बंद पडले.

मग काहीच नाही.

लखनने पहारीने शटर उचकटले. धुराचा लोट अंगावर आला. नाकाला रुमाल बांधून तो आत शिरला. शेठ जमिनीवर. एल्बो जमिनीवर. कपाट बंद, किल्ली शेठच्या कमरेला. ताटलीत सहा नट... वर्तुळाने. त्याने हात लावला. दीड तास तापलेल्या इंजिनाचे नट. थंडगार.

शेठ वाचले. लखन स्वतः मुंबईला जाऊन नवा एल्बो घेऊन आला आणि त्यानेच तो बसवला. पौर्णिमेला बोट गेली. चौघेही परत आले.

इस्पितळात डॉक्टरांनी शेठचा उजवा हात उघडून पाहिला. तळहातावर भाजल्याचे सहा डाग होते. षटकोनी. वर्तुळाने मांडलेले. ते कशाने पडले, ते शेठनी कधी सांगितले नाही.

तो तळहात पुन्हा मिटला नाही. फळीसारखा सपाट राहिला. शेठ त्यानंतर नऊ वर्षे जगले. दर श्रावणी सोमवारी देवळात येत, रांगेत उभे राहत, उजवा हात पुढे करत. पुजारी तीर्थ घालत. तळहात खोलगट होत नसे. तीर्थ ओघळून जमिनीवर पडे. नऊ वर्षांत एक थेंबही त्यांच्या ओठांपर्यंत पोहोचला नाही.