पंपघरातली सवत

सत्याऐंशी सालची गोष्ट. भिवंडीजवळ वळ गावाच्या अंगाला आमची साइझिंग होती. सुताला खळ लावायचं काम. खळीच्या टाकीत पाणी कमी यायला लागलं, म्हणून शेठनं मला पंपघरात पिटाळलं. टळटळीत दुपार, खाडीवरून कुजकट वारा. मला काय, बसून करायची ती टवाळी चालत जाऊन करू.

पंपघरात ओल्या ग्रीसचा वास. आमचा पंपवाला काळूराम काठीचं एक टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावून बसलेला. पंपवाल्यांची ती रीतच. आतलं दुखणं काठीतून कानात येतं. पण हा दिवसभर तसाच बसायचा, आणि घरी गेला की मुका. त्याची बायको जानकीबाई भाकरीचं फडकं घेऊन दारात उभी होती. डोळे पंपावर.

मी म्हटलं, "वयनी, सवत गुबगुबीत हाय हो. रंगपण नवा लावलाय तिला."

"हसा, दौलतभाऊ. माज्याशी दोन शब्द न्हाय, हिच्याशी दिसभर गुलूगुलू." तिनं नवऱ्याच्या हातातली काठी ओढली. "बघू तरी, काय सांगते..."

कान लावला. आधी कपाळाला आठी पडली, मग ओठ सैल झाले. बाई चक्क लाजली.

"यात बाई न्हाय," ती हळूच म्हणाली. "हेच बोलतात..."

काळूराम माझ्या शेजारी उभा होता. तोंड मिटून.

मग ती रोज यायला लागली. काठीला कान लावायची, पदरात हसायची. भाकरी फडक्यात वाळून जायची. काळूराम दाराशी उभा राहून बघायचा.

"काय म्हनतो गं तो?"

"तुमी कदी म्हनला न्हाय ते."

मी कशाला गप्प बसतोय! "काळूराम, हा दुसरा बोलका निघाला रे तुज्यापेक्षा," म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकलो.

एका दुपारी ती अशीच लाजत असताना तो उठला आणि पाणी आत ओढणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह गरागरा आवळत सुटला. पंपवाला मेला तरी चालत्या पंपाचा तो व्हॉल्व्ह आवळत नाही. पंप उपाशी पडतो.

पंपाच्या पोटात जणू खडी फिरायला लागली. खडखड, खडखड... पाया हादरला, भिंतीवरचा कंदील उडून पडला. आणि काळूरामनं स्वतःचा गळा धरला. डोळे पांढरे. त्याच्या उघड्या तोंडातून तीच खडी वाजत होती.

जानकीबाईनं झेप घेऊन व्हॉल्व्ह सोडला. खडखड थांबली. काळूरामला श्वास आला, पण आवाज गेला तो गेलाच.

भिवंडीच्या डॉक्टरला घशात काही सापडलं नाही. पंपातही आता नुसतं पाणी वाहत होतं. जानकीबाईनं परत परत काठी टेकवून बघितली. शेवटी माझ्यादेखत तिनं काठीचं टोक नवऱ्याच्या छातीवर ठेवलं.

"तुमीच बोला आता... पंपाशी बोलायचा ते माज्याशी बोला..."

ती बराच वेळ ऐकत राहिली. तोंडावरचं रक्त उतरत गेलं. मग तिनं काठी माझ्या हातात दिली.

"ऐका... कोन हाय ती?"

मी कान लावला. खोल कुठेतरी खडी वाजत होती. ती थांबली. मग एक बाई हलकेच हसली आणि म्हणाली, "तिला जायला सांगा ना..."

मी गावातल्या यच्चयावत बायांच्या नकला करणारा माणूस. एकीचाही आवाज असा नाही.

मान वर करून बघितलं, तर काळूराम छताकडे बघून लाजत होता.