सोळाशे विटांची बेगमी

ज्येष्ठाच्या अखेरीस चाळिसावी, म्हणजे शेवटची खेप धक्क्याला लागली, तेव्हा सगुणा धनावडे पदर खोचून उभीच होती. लाँचमधली एक वीट तिने दोन्ही हातांनी उचलली, क्षणभर तोलली आणि बाजूला ठेवली.

"ही पाऊणच भरलीया. बदलून आणा."

लाँचवाल्या गेनू संकपाळने विटेवर मापयंत्र टेकवलं. आकडा आला शहात्तर टक्के. गेनू मुकाट्याने ती वीट घेऊन माघारी वळला. तीन वर्षांत त्या यंत्राने सगुणाबाईला एकदाही खोटं पाडलं नव्हतं. यंत्र विकत कशाला घेतलं, असा प्रश्न त्याला हल्ली पडू लागला होता.

धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या शिंदोळी गावाला रस्ता नाही. पावसाळ्यात वाऱ्याने पाणी खवळलं की लाँचही सत्तर-ऐंशी दिवस बंद. पूर्वी गॅसची टाकी धक्क्यावरून डोक्यावर घेऊन बाया चढ चढायच्या आणि श्रावणात ती संपली की ओल्या लाकडांच्या धुरात डोळे चोळत बसायच्या. शोषवीट आली आणि हे सगळं बदललं. दिसायला ती साधी करड्या रंगाची वीट, पण आतून इतकी सच्छिद्र, की चमचाभर भुकटीतल्या पोकळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल. गॅस त्या भिंतींना चिकटून बसतो. दाबाची भानगड नाही, त्यामुळे वीट हातून पडून फुटली तरी स्फोट होत नाही. शेगडीखालच्या खोबणीत ती ठेवायची. खोबणीतली ऊबपट्टी तिला जरा कोमट करते आणि वीट पोटातला गॅस हळूहळू सोडते. एका घराला एक वीट चार दिवस पुरते.

नव्वद घरांची पावसाळी बेगमी म्हणजे सोळाशे विटा. त्यांचं कोठार सांभाळण्याचा परवाना होता सगुणाबाईकडे. खोऱ्यात आजवर कुणा बाईच्या नावावर असा परवाना झाला नव्हता, आणि तो तिने भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी लावला होता. देवापेक्षा बोटभर वर, असं लोक म्हणत. त्यात तथ्य होतं.

वाटप मात्र सगुणाबाईच्या हातात नव्हतं. गिरिज्योत इंधनसेवेचा एक संगणक ते पाही. प्रत्येक घरात शेगडी किती वेळ पेटली, किती गॅस गेला, हे त्याला बिनतारी कळे. कुणी बेहिशेबी गॅस जाळू लागलं की तो त्या घराची ऊबपट्टी बंद करी. गावाने त्याचं नाव वाटप्या ठेवलं होतं. भरपावसात साठा संपू नये म्हणून ही शिस्त हवी, हे सगळ्यांना पटलेलं होतं. आग लागली किंवा जिवावर बेतलं तर बंद शेगड्या उघडायला कोठारात एक हातचावी होती, मोहोरबंद पेटीत. दुसऱ्या कारणासाठी मोहोर तोडली की परवाना रद्द.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात ज्ञानू उतेकर वारले. पिकलं पान होतं, पण माणूस मोठा होता. पाच गावांचे पाहुणे डोंगरातून भिजत आले. शिंदोळीची रीत अशी, की मयताच्या घरी दहाव्यापर्यंत चूल पेटवायची नाही. घरच्यांचं आणि पाहुण्यांचं जेवण शेजाऱ्यांनी करायचं. कुणी कुणाला सांगत नाही. ज्याचं दार जवळ, त्याच्याकडे पातेलं चढतं.

ते चढलं पारूबाई सणसच्या शेगडीवर. तिसऱ्या दिवशी दुपारी, चाळीस माणसांचा भात अर्धाकच्चा असताना, जाळ बारीक झाला आणि विझला. शेगडीवर अक्षरं उमटली : असाधारण वापर, गळतीची शक्यता, पुरवठा बंद.

पारूबाईने कपाळावर हात मारला नाही. दोन बायांना हाक मारली आणि फडक्याने धरून पातेलं शेजारच्या घरी नेलं. तिथे भात झाला, पण संध्याकाळच्या पिठल्याला ती शेगडीही गेली. मग तिसरं घर, मग चौथं. पातेलं पुढे आणि वाटप्या मागे, अशी सगळ्या आळीभर वरात निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार शेगड्या बंद होत्या आणि उतेकरांची म्हातारी, नुकतीच विधवा झालेली, ओसरीवर बसून म्हणत होती, "नका गं माझ्यापायी. आमी पाण्यावर ऱ्हातो."

हे ऐकलं आणि सगुणाबाई कोठाराकडे चालू लागली. गेनूने तिला वाटेत अडवलं.

"बाई, परवाना जाईल. आग न्हाय लागली कुठं."

"म्हातारी पाण्यावर ऱ्हाती म्हंत्या. माझ्या कोठारात हजार विटा असताना?" ती म्हणाली. "मग त्यो परवाना काय पुजायचा व्हय?"

तिने दगडाने मोहोर फोडली. चारही शेगड्या उघडल्या. मग कोठारातल्या संपर्कयंत्रावर तिने स्वतःच कळवलं : मोहोर मी तोडली, सगुणा धनावडे.

आठ दिवसांनी वाऱ्याने जरा उसंत दिली आणि लाँचमधून गिरिज्योतच्या अभियंता निवेदिता खरे उतरल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पिशवीत परवाना रद्द करण्याचं पत्र. त्यात आणखीही एक ओळ होती. शिंदोळीचा अनुभव पाहता सगळ्याच कोठारांतल्या हातचाव्या काढून घ्याव्यात.

"सगुणाबाई, नियम तुम्हाला माहीत होता," त्या म्हणाल्या.

"पाठ हाय."

"असं प्रत्येकाने केलं तर भादव्यात गाव उपाशी राहील. वाटप्या तुमच्यासाठीच मोजतो."

"मग मोजा की." सगुणाबाईने कोठाराचं दार उघडलं. "आजच्या तारखेला किती विटा पाहिजेत म्हंतो तुमचा वाटप्या?"

निवेदितांनी हातातल्या पाटीवर पाहिलं. "आठशे चाळीस भरलेल्या."

"थप्प्या समोर हायेत. मोजा."

निवेदितांनी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. आठशे एक्कावन्न भरल्या. एवढ्या पाहुण्यांचं जेवण होऊन साठा उलट अकरा विटांनी जास्त होता. त्या तिथेच एका पालथ्या घमेल्यावर बसल्या.

"हे कसं?"

"दहा दिस आख्ख्या आळीनं एकाच पातेल्यात खाल्लं, बाई. तेरा शेगड्यांवर तेरा भांडी चढली असती, तिथं एक चढलं. एका घरात लई जळालं, पन बारा घरात काय जळालंच न्हाय."

निवेदिता बराच वेळ आकड्यांत डोकं घालून बसल्या. गळती नव्हती, चोरी नव्हती. वाटप्याला शेगड्या दिसत होत्या, शेजार दिसत नव्हता. तो दिसावा असं त्याला बनवलंच नव्हतं, आणि बनवणाऱ्यांत त्या स्वतः होत्या. त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी पत्र पिशवीतून बाहेरच काढलं नाही. "मी त्याला नवा नियम घालून देते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा, काय लिहू?"

सगुणाबाईला विचार करावा लागला नाही. "एकाची शेगडी थंड आन् दुसऱ्याची जास्त, काय बी येगळं दिसलं, तर आधी इचारायचं. माणसाला. मग बंद करायचं."

तो नियम महिन्याभरात गिरिज्योतच्या दोनशे बारा कोठारांत लागू झाला. हातचाव्या राहिल्या. कंपनीच्या कागदोपत्री त्याला शिंदोळी नियम म्हणतात. ही बातमी गेनूने लाँचमधूनच ओरडून सांगितली आणि गावाची छाती अशी फुगली, की विचारायची सोय नाही. गणपतीच्या आरतीनंतर पारूबाईने चौकात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मशीनला शेजार शिकवला आमी. मशीन शेगडी बघतंय, आमी मानूस बघतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईनेही वाजवल्या. का वाजवू नयेत? खरोखरच शिकवला होता.

अनंत चतुर्दशीनंतर चार दिवसांनी, सकाळी, ती कोठार झाडत असताना संपर्कयंत्राच्या पडद्यावर वाटप्याचा प्रश्न उमटला.

'वरच्या आळीत एकट्या राहणाऱ्या चिंगूबाई सपकाळ यांची शेगडी परवा सकाळपासून पेटलेली नाही. शेजारी कोणाचाही वापर वाढलेला नाही. जेवण कोण देत आहे?'

सगुणाबाईला आधी हसूच आलं. कारटं इचारायला शिकलं, ती मनाशी म्हणाली. दारावरून पारूबाई चालली होती. तिला तिने विचारलं, "अगं, चिंगूमावशीला जेवान तू देतीस का?"

"न्हाय बा. तिच्या भावकीतली थोरली सून देती."

थोरली ओढ्यावर धुणं धूत होती. ती म्हणाली, "मी? मला वाटलं, त्या लेकीकडं गेल्यात. पलीकडच्या तानूबाईंना ठाव आसंल."

तानूबाईला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, पारूबाई देते.

सगुणाबाईच्या हातातला झाडू अजून हातातच होता. तो तिने तिथेच टाकला आणि धावली. मागून चौघी धावल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. चिंगूबाई मोरीजवळ आडवी पडली होती. पाय मुरगळून सुजलेला, ओठ कोरडे पडलेले, अंगात ताप. पण जिवंत होती. तिला उचलून घोंगडीवर घेतलं, चमच्याने पाणी पाजलं. पारूबाईने शेगडी पेटवून पेज ठेवली. गेनू डॉक्टरांना आणायला लाँच घेऊन गेला. दोन दिवस ती हाका मारत होती, पण पावसाच्या आवाजात त्या कुणाला ऐकू गेल्या नव्हत्या. तिचं घर चौकापासून फार तर पन्नास पावलांवर होतं.

पेजेचे चार घोट पोटात गेल्यावर म्हातारीच्या डोळ्यांत जरा जीव आला. तिने भोवतीच्या पाचही जणींकडे एकेक करून पाहिलं, आणि तिचा चेहरा फुलला. सगुणाबाईचा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मला ठाव व्हतं, तुमी येनार म्हनून. आपल्या गावात कुनी असं पडून ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. "पर मला सांगा, आधी कुनाच्या ध्यानात आलं गं?"

पारूबाईने मान खाली घालून पेज ढवळायला घेतली. बाकीच्या तिघी सगुणाबाईच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

आता या बाईने काय सांगावं?